सोबतचं पत्र

बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. मार्चअखेर, मग ऑडिट, मग ताईकडे ये-जा... कारणं नेहमीचीच. आज लिहायला बसलेय ती भाचीमुळे. तिची परवानगी घेतली आहे, ताईचीही. नातेवाईकांपैकी निम्मे लोक हे वाचतात आणि उरलेल्या निम्म्यांना फोन करून सांगतात, त्यामुळे आधी विचारलेलं बरं. :-)

तर झालं असं. एका शनिवारी सकाळी भाची लॅपटॉप घेऊन आली. पोहे व्हायच्या आत तिनं तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि म्हणाली, "मावशी, तू ऑफिसात अर्ज वाचतेस ना? मग माझा एक वाच. आणि गोड बोलू नकोस, खरं सांग."

नोकरीच्या अर्जासोबत द्यायचं ते पत्र होतं, कव्हर लेटर. इंग्रजीत, पान-सव्वापान. आपल्या नामवंत संस्थेत काम करण्याच्या संधीबद्दल मी अत्यंत उत्सुक आहे, मी ध्येयनिष्ठ आहे, संघभावनेनं काम करते, बदलत्या काळाची आव्हानं पेलायला सज्ज आहे, वगैरे वगैरे. दोनदा वाचलं. व्याकरणाची एक चूक नाही, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. पण जिनं या मुलीला दुपट्यात पाहिलंय त्या मलासुद्धा हे पत्र कुणी लिहिलंय ते कळेना!

"हे तू लिहिलंस?"

"मी म्हणजे... चॅटजीपीटीला सांगितलं. पण मावशी, सगळेच तसं करतात."

खरं आहे. सगळेच करतात, आणि ते मला चांगलंच ठाऊक आहे.

नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. भोसरी एमआयडीसीतल्या पन्नास-साठ माणसांच्या एका कारखान्यात मी हिशेब आणि ऑफिस सांभाळते. आमच्याकडे एचआर डिपार्टमेंट वगैरे प्रकार नाही. म्हणजे आहे, पण ते मीच. जागा निघाली की जाहिरात मीच टाकते, अर्ज माझ्याकडेच येतात, आणि त्यातले दहा-बारा निवडून मी मालकांच्या टेबलावर ठेवते. दिवसभराचं काम उरकल्यावर, चहा घेता घेता हे चाळणं चालतं. हे अशासाठी सांगतेय की तुमचा अर्ज नेमका कोण वाचतं आणि कधी वाचतं, याचं चित्र डोळ्यांपुढे असलेलं बरं. पलीकडे कुणी कोट-टाय घातलेला साहेब नसतो. बहुधा माझ्यासारखंच कुणीतरी असतं, जिला सहा वाजता निघून नाशिक फाट्याला मेट्रो गाठायची असते.

मागे आम्हाला स्टोअर्सला एक माणूस हवा होता. चार दिवसांत शंभराच्या वर मेल आल्या. बऱ्याच जणांनी मेलमध्ये एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, नुसती फाइल जोडलेली. फाइलचं नाव "रिझ्युमे फायनल फायनल टू". एकानं तोच मेल आमच्यासकट अकरा कंपन्यांना एकदम पाठवला होता, अकराही पत्ते वर दिसत होते. तिघांच्या पत्रांचं पहिलं वाक्य शब्दन् शब्द एकच. आणि एका पत्रात तर चौकटी कंसात "कंपनीचं नाव इथे लिहा" अशी सूचना जशीच्या तशी राहून गेली होती. हसू आलं, मग वाईट वाटलं. त्या मुलालाही नोकरीची गरज असणारच ना.

चाळीसेक अर्ज झाले की डोळे वाचत नाहीत, नुसते ओळींवरून घसरतात. मी काही याचा अभिमान बाळगत नाही, पण जे आहे ते आहे. आणि अशा घसरत्या डोळ्यांना एका मेलनं थांबवलं. पाच ओळी होत्या, मराठीत. राजगुरुनगरचा मुलगा. त्यानं लिहिलं होतं की चाकणला एका प्रेस शॉपच्या स्टोअर्समध्ये दोन वर्षं आहे, माल आत-बाहेर झाला की बिन कार्डावर नोंद तिथल्या तिथे करतो, गेल्या मोजणीत त्याच्या रॅकांचा हिशेब जुळला होता, स्वतःची दुचाकी आहे आणि दुसऱ्या पाळीला हरकत नाही. संपलं. पहिला फोन मी त्याला केला. आज तो आमच्याकडे आहे आणि बिन कार्डांवरून माझ्याशीच भांडतो.

त्या मुलाला कव्हर लेटर हा शब्द तरी माहीत होता की नाही कोण जाणे. पण त्यानं लिहिलं तेच खरं कव्हर लेटर! बायोडेटा सांगतो की माणूस आजवर कुठे कुठे होता. तो सगळीकडे एकच धाडला तरी चालतं. सोबतच्या पत्रानं एवढंच सांगायचं असतं की या कामाला हाच माणूस का. ते प्रत्येक ठिकाणी वेगळंच असणार, कारण काम वेगळं, जागा वेगळी.

मग आपल्याला हे लिहिता का येत नाही? मला वाटतं याचं मूळ शाळेत आहे. पत्रलेखनाचा प्रश्न आठवतोय ना? उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि दिनांक, मग 'प्रति', मग 'विषय', मग 'महोदय', मग 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की', आणि शेवटी 'आपला विश्वासू'. मार्क सगळे चौकटीला. मधल्या मजकुरात काय आहे याला कुणी फारसं विचारायचं नाही. आम्ही ती चौकट पाठ केली आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक अर्जाला तीच चढवली. आता यंत्र तीच चौकट इंग्रजीत, जरा चकचकीत करून देतं, एवढाच फरक. पूर्वी 'सविनय' होतं, आता 'अत्यंत उत्सुक' आहे. माणूस दोन्हीकडे गायब.

बाबा गेल्यावर घर आवरताना त्यांची एक फाइल सापडली होती. नाडीची, खाकी पुठ्ठ्याची. १९७३-७४ सालची. बाबा वाईहून पुण्याला आले ते बी.कॉम. होऊन आणि टायपिंगची मराठी तीस, इंग्रजी चाळीस करून. रास्ता पेठेतल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलेलं, आणि शिवाय पेपरातल्या छोट्या जाहिराती बघून अर्ज. तेव्हा जाहिरातीत कंपनीचं नावच नसायचं पुष्कळदा, नुसता बॉक्स नंबर. तो पाकिटावर लिहायचा आणि अर्ज पेपरच्या कचेरीत नेऊन द्यायचा. आपण कुणाला लिहितोय हे लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही! बाबा टायपिंग क्लासात बसून अर्ज टाइप करत आणि प्रत्येकाची कार्बन कॉपी ठेवत. मोजल्या नाहीत, पण पन्नासच्या खाली नसतील. सगळ्यांची सुरुवात 'आय बेग टु अप्लाय', शेवट 'युवर्स मोस्ट ओबिडियंटली'. कार्बन इतका फिका की काही ठिकाणी नुसते ठसे उरलेत.

नवल म्हणजे त्याच काळात, त्याच गावातल्या नोकरीसाठी लिहिलेलं एक पत्र पुढे खूप गाजलं. हकीकत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, पण अर्ज लिहिणाऱ्याच्या नजरेनं ती पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होत्या. तिथल्या नोटीस बोर्डावर त्यांना टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, जाहिरात दिसली. हुशार, मेहनती तरुण इंजिनियर हवेत. आणि खाली एक ओळ, स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं. पुढे त्यांना तार आली, पुण्याला मुलाखतीला या, खर्च कंपनीचा. होस्टेलच्या मैत्रिणींनी पुण्याच्या साड्या स्वस्तात आणायला तीस-तीस रुपये हातात दिले, अशी गमतीची आठवणही त्यांनी लिहून ठेवली आहे. नोकरी मिळाली, त्या पुण्यात आल्या. पुढे १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली तीही पुण्यातच.

आपण सगळे ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण त्या पोस्टकार्डात काय होतं ते बघा. मी हुशार आहे, मी मेहनती आहे, मला एक संधी द्या, असा सूरच नव्हता. टाटांनी देशात पोलाद, रसायनं, इंजिनं असे मूलभूत उद्योग उभे केले, उच्च शिक्षणाला हात दिला, मी शिकते ती संस्थाही त्यांच्यामुळेच उभी राहिली. मग त्यांच्याच कंपनीनं मुलींना दार बंद करावं याचं आश्चर्य वाटतं, असा साधारण मजकूर. म्हणजे लिहिणारीला समोरचा माणूस कोण, त्याला कशाचा अभिमान आहे, आणि म्हणून त्याला काय खटकेल, हे पक्कं माहीत होतं. पोस्टकार्डावर जागा ती किती! पण कुणाला लिहितोय आणि का लिहितोय हे ठाऊक असेल तर तेवढीही पुरते.

भाचीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, त्या गोल्ड मेडलिस्ट होत्या. माझी तर गॅप आहे."

आता खरा मुद्दा आला. पत्र यंत्राकडून का लिहवून घेतलं तेही तेव्हा कळलं.

दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. भाची तेव्हा एका वितरकाकडे अकाउंट्समध्ये होती, तीन वर्षं झाली होती, बरा जम बसला होता. नोकरी सोडून ती घरी बसली. ताईला उठवणं-बसवणं, फिजिओथेरपी, औषधं, सगळं तिनं एकटीनं केलं. आता ताई काठी घेऊन घरात फिरते, स्वतःचं स्वतः करते. पण भाचीच्या बायोडेटात दोन वर्षांचं भगदाड पडलं. आणि तिला त्याची लाज वाटत होती! त्या सव्वापानी पत्रात उत्सुकता होती, ध्येयनिष्ठा होती, पण त्या दोन वर्षांबद्दल चकार शब्द नव्हता.

मी म्हटलं, थांब, मी लिहिते. आणि इथे माझी चूक झाली, ती कबूल करते. मला वाटलं आपण ब्लॉग लिहितो, आपल्याला लिहिता येतं. मी असं काही लिहिलं की बस. ताई पडली तो दिवस, हॉस्पिटलच्या बाकावरची रात्र, करिअर बाजूला ठेवून आईची सेवा करणारी लेक... वाचून माझेच डोळे भरून आले. भाचीनं वाचलं आणि स्क्रीन खाली केली.

"मी आईचं आजारपण नोकरीसाठी वापरणार नाही."

तिनं ते घरी जाऊन ताईलाही सांगितलं असणार, कारण संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचं बोलणं अजून जरा जड येतं, पण धार तीच. म्हणाली, "तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय ना? मग माझ्या पायाचं कशाला सांगतेस सगळ्यांना?"

निरुत्तर झाले. रात्री झोप येईना म्हणून बाबांची फाइल काढली. त्यात एक अर्ज मला आधी कधी दिसला नव्हता, किंवा दिसून लक्षात आला नव्हता. त्यात शेवटी एक वाक्य टाइप केलेलं: घरी वृद्ध आई आणि दोन धाकटी भावंडं आहेत, कमावता मी एकटाच. त्यावर पेनानं काट मारलेली, इतकी जोरात की कागद फाटलाय. त्यानंतरच्या एकाही अर्जात ती ओळ नाही. का खोडली असेल ते विचारायला बाबा नाहीत. पण ताई कुणाची मुलगी आहे ते कळलं.

मग काय करायचं? लपवायचं नाही आणि मांडून ठेवायचंही नाही, याच्या मधली वाट कुठली?

शोधता शोधता दोन जुने अर्ज सापडले. एक रामानुजनचा. गणितातले रामानुजन हो. १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. कॉलेजचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, पदवी नाही. त्यांनी लिहिलं काय? मॅट्रिक झालोय, पुढे एफ.ए.पर्यंत शिकलो, पण काही प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण सुरू ठेवता आलं नाही. मात्र त्यानंतरचा सगळा वेळ गणिताला दिला आहे. आणि नेमलंत तर कामाला न्याय देईन याची खात्री आहे. बस, एवढंच. परिस्थिती कसली, किती वाईट, काही नाही. अर्धं वाक्य अडचणीला आणि लगेच 'मात्र'. त्यांनाही मार्चपासून नोकरी लागली, महिना तीस रुपयांची. 'आय बेग' त्यांच्याही पत्रात आहे बरं का. ती तेव्हाची रीतच होती, त्यामुळे बाबांच्या 'बेग'बद्दल मला आता काही वाटत नाही.

दुसरा अर्ज तर आपल्या पुण्याच्या मुलीचा. आनंदीबाई जोशी, जन्म पुण्यातला, १८६५ चा. वयाच्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला पोचल्या आणि जून १८८३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. नोकरीचा अर्ज नव्हे, पण अर्जच तो. त्यात त्या सरळ सांगतात की तुमच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करत नसेन. आणि मग काय आहे ते सांगतात: प्रकृती ठीक आहे, आणि आप्तांचा नि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार आहे. कशासाठी आलेय तेही सांगतात: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. पुढे वर्षभरात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात गेल्या, ते आपल्याला माहीत आहे. पण ते पत्र मला आता वेगळंच दिसतं. उणीव समोरच्यानं शोधून काढायच्या आत स्वतः एका वाक्यात सांगून टाकली की ती छोटी होते. लपवली की मोठी होते.

दुसऱ्या शनिवारी भाची पुन्हा आली. या वेळी मी लिहिलं नाही, नुसतं विचारलं. दोन वर्षांत आणखी काय केलंस? "काही नाही." असं कसं काही नाही? मग हळूहळू निघालं. गल्लीतल्या मेडिकलवाल्याची खरेदीची बिलं ती आठवड्यातून दोन संध्याकाळी टॅलीत घ्यायची. "ते काय, किरकोळ काम." आणि ताईच्या हॉस्पिटलच्या खर्चाचा दावा विमा कंपनीनं आजार आधीपासूनचा आहे म्हणून नाकारला होता. हिनं जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बिलं तारखेवार लावून त्यांच्या तक्रार कक्षाला चार पत्रं लिहिली. विमा लोकपालाकडे जायची तयारी करत होती तेवढ्यात दावा मंजूर झाला. मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले. अकाउंट्सला माणूस घेताना मला नेमकं हेच हवं असतं. कागद जुळवणारा आणि न कंटाळता पाठपुरावा करणारा. आणि ही म्हणतेय काही नाही!

मग तिनं स्वतः लिहिलं. इंग्रजीत लिहिलंय, मी मराठीत देते:

"आपल्या जाहिरातीतल्या अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी हा अर्ज. आपली दोन गोदामं असून माल अनेक पुरवठादारांकडून येतो असं वेबसाइटवर वाचलं. मी तीन वर्षं एका वितरकाकडे याच प्रकारचं काम केलं आहे. खरेदीची बिलं टॅलीत घेणं, दर महिन्याला ती जीएसटीच्या टू-बीशी ताडून पाहणं, आणि न जुळणारी बिलं पुरवठादारांकडून दुरुस्त करून घेणं ही माझी जबाबदारी होती. गेली दोन वर्षं घरातल्या आजारपणामुळे पूर्णवेळ नोकरी केली नाही. आता ती अडचण नाही. मात्र या काळात एका औषध दुकानाचे खरेदीचे हिशेब पाहिले, आणि एक नाकारलेला विम्याचा दावा कागदपत्रांनिशी पाठपुरावा करून मंजूर करून घेतला. एक तारखेपासून रुजू होऊ शकते."

खाली नाव आणि फोन नंबर. मेलच्या विषयात जागेचं नाव, 'तीन वर्षं अनुभव', 'लगेच रुजू'. फाइलला स्वतःचं नाव. पत्र वेगळं जोडलं नाही, मेलमध्येच लिहिलं, कारण जोडलेली दुसरी फाइल संध्याकाळी सहाला मी तरी उघडत नाही. शेवटी तिनं यंत्राला एवढंच सांगितलं की स्पेलिंग तपास, बाकी हात लावू नकोस. याला माझी काहीच हरकत नाही. इस्त्री बाहेरून करून घ्यावी, कपडे आपले हवेत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं वाचतंय कोण? मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर चाळणी लावतं, कॅम्पसला तर पत्राचा प्रश्नच नाही. आणि शेवटी सगळं ओळखीवर. यात बरंच तथ्य आहे. बाबांनाही नोकरी लागली ती त्या अर्जांमधून नाहीच, शेजारच्या काकांनी शब्द टाकला म्हणून लागली. आणि ते पोस्टकार्ड योग्य माणसाच्या हाती पडलं म्हणून आपल्याला कळलं. उत्तर न आलेल्या किती पोस्टकार्डांत तेवढंच धैर्य असेल, देव जाणे. पत्र म्हणजे काही तावीज नाही. पण पुण्याच्या आसपास भोसरी, चाकण, पिरंगुटला माझ्यासारखी माणसं अर्ज वाचत बसलेली असतात हेही तितकंच खरं. आणि नोकरी शोधताना आपल्या हातात असतं तरी काय? जागा निघणं नाही, पगार नाही, ओळख नाही. ते शंभर शब्द तेवढे आपल्या हातात असतात. तेही दुसऱ्याचे कशाला घालायचे?

भाचीनं असे सात अर्ज केले, प्रत्येक वेगळा. पाच ठिकाणांहून काही नाही. एका ठिकाणी फोनवर "दोन वर्षं घरी होता का, मग नको" म्हणाले. एका ठिकाणी बोलावलं, आणि तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो त्या विम्याच्या दाव्याचा. अर्धा तास त्यावरच बोलणं झालं म्हणे. कळवतो म्हणाल्यात. अजून कळवलेलं नाही. बघू.

आणि आता शेवटचं, जरा माझ्या बाजूचं. बाबांच्या त्या फाइलमध्ये पन्नासेक कार्बन कॉप्या आहेत, आणि उत्तर फक्त एक. एक छापील कार्ड, जागा भरली आहे, आपल्या अर्जाबद्दल आभार. नकारच तो. पण त्यांनी ते जपून ठेवलं होतं, सगळ्यात वर, टाचणी लावून. कुणीतरी वाचलं एवढं तरी कळलं असेल.

अर्ज कसा लिहावा हे आपण पोराबाळांना सांगतो. अर्जाला उत्तर कसं द्यावं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि मीही इतकी वर्षं दिलं नाही. शंभरातल्या दहांना फोन, बाकी नव्वद तसेच. गेल्या सोमवारी पॅकिंगच्या जागेचे अर्ज चाळून झाल्यावर मी मेट्रो एक सोडली आणि बाकीच्यांना दोन ओळी पाठवल्या. अर्ज वाचला, या वेळी जमलं नाही, आभार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाची मेल आली होती. नुसतं 'थँक्यू मॅडम'.